कागदाच्या दोन बाजू : एका फसलेल्या गोष्टसत्राचा प्रकरण अभ्यास

बारकीनं निळा गोल कागदाच्या एका बाजूला चिकटवला, कागद उलटा केला आणि पिवळा गोल पाठीमागे लावला. मी शेजारूनच जात होते. थांबले, डिंक ओला होता तोवर पिवळा गोल अलगद सोलून काढला आणि पुढच्या बाजूला, निळ्याच्या शेजारी दाबून बसवला. "हे बघ, आता दोघं मित्र जवळ आले," असं वर म्हणालेही. बारकी काही बोलली नाही. चौदा कागद भिंतीवर लावायचे होते आणि पाठीमागचा गोल भिंतीवर दिसला नसता. माझ्या डोक्यात एवढाच हिशेब होता.

पुढच्या आठवड्यात ती गोष्ट ऐकायला आली, पण चित्रांच्या टेबलाकडे फिरकली नाही. त्या एका गोलावरून पुढे काय काय बदलत गेलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एका वाचनालयाच्या बालविभागात आठ आठवड्यांचा उपक्रम होता. आठवड्यातून एकदा, सव्वा तास. आधी चित्रपुस्तकातली गोष्ट, मग त्या गोष्टीवर काहीतरी हातकाम. मुलं चौदा, वयं चार ते सहा. मोठी माणसं दोन, मी आणि एक सहकारी. 'बारकी' हे माझ्या वहीतलं नाव. ती तेव्हा पाच वर्षांची व्हायची होती आणि गटात सगळ्यात लहानखुरी होती.

गोष्ट आणि माझा बेत

पुस्तक निवडल्यावर मी स्वतःवर फारच खूश होते. लिओ लिओनी यांचं 'लिटल ब्लू अँड लिटल यलो', १९५९ सालचं. नातवंडांबरोबर रेल्वेनं जाताना मुलं कंटाळून धिंगाणा घालायला लागली, तेव्हा लिओनींनी 'लाइफ' मासिकाच्या पानांतून रंगीत तुकडे फाडले आणि त्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेच पुढे पुस्तक झालं. पात्रं म्हणजे नुसते फाटक्या कडांचे ठिपके. डोळे नाहीत, नाक नाही, हातपाय नाहीत.

आमच्या मुलांनी पहिल्याच वाचनात त्यांचं निळू-पिवळू करून टाकलं. निळूची आई बाहेर जाताना त्याला घरीच थांबायला सांगते. निळू थांबत नाही. पिवळूला शोधायला निघतो. कोपऱ्यावर तो सापडतो, दोघं एकमेकांना घट्ट मिठी मारतात आणि हिरवे होतात. हिरवे होऊनच खेळतात, दमतात, घरी जातात. घरचे त्यांना ओळखत नाहीत. मग दोघं इतके रडतात, इतके रडतात की निळ्या आणि पिवळ्या अश्रूंखेरीज त्यांचं काही उरत नाही. अश्रू गोळा होऊन पुन्हा निळू आणि पिवळू तयार होतात.

यावर हातकाम काय घ्यायचं, याचा मी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नव्हता. निळा अधिक पिवळा बरोबर हिरवा, इतकं सरळ. आदल्या रात्री बसून मी कंपासनं गोल आखले आणि कात्रीनं कापले, चौदा निळे, चौदा पिवळे. खाली हिरवा रंग मुलांनी मिसळून भरायचा. एक नमुना करून फळ्यावर लावला. काम पूर्ण करणाऱ्याच्या हातावर चांदणीचा स्टिकर.

रंगानं पहिला दगा दिला. पोस्टर कलरच्या ज्या बाटल्या हाताशी होत्या, त्यांतला निळा जांभळ्याकडे झुकणारा होता आणि पिवळा केशरीकडे. अशा जोडीतून स्वच्छ हिरवा होत नाही, कारण दोन्ही रंगांत थोडा थोडा लाल लपलेला असतो आणि तो हिरव्याला मळकट करतो. चांगला हिरवा हवा असेल, तर निळा हिरवट छटेचा घ्यावा आणि पिवळा लिंबासारखा फिका. चित्रकाराला हे माहीत असतं. मला ते त्या दिवशी कळलं, चौदा वाट्यांमध्ये एकाच वेळी. सहा वर्षांच्या एका मुलानं वाटीत डोकावून निकाल दिला, "ताई, हा हिरवा नाही, हे शेवाळ आहे."

तरी सत्र 'छान' झालं. भिंतीवर चौदा कागद लागले. मुलांना न्यायला आलेल्या घरच्यांनी फोटो काढले. लांबून बघितलं तर कोणता कागद कोणाचा, ते सांगता आलं नसतं. जवळून बघितलं तरी नाव वाचावं लागत होतं. हे मला त्या संध्याकाळी खटकलं नाही, हे कबूल करायला हवं. उलट एकसारखे कागद ओळीनं लावलेले बघून बरंच वाटलं होतं.

"ते माझं नाहीये"

दुसऱ्या आठवड्यात गोष्ट संपल्यावर बाकीची मुलं टेबलाकडे पळाली. बारकी चटईवरच बसून राहिली. वहीत मी तो संवाद त्याच दिवशी उतरवून घेतला होता, तो असा :

"आज नाही यायचं टेबलापाशी?"

"नाही."

"मागच्या वेळचं चित्र आवडलं नाही का तुला?"

"ते माझं नाहीये."

"मग कोणाचं आहे?"

"तुझं." थोड्या वेळानं, चटईचा धागा ओढत, "तो घरी होता. आई म्हणाली होती ना, घरीच थांब. तू त्याला बाहेर काढलंस."

मी भिंतीवरून तिचा कागद उतरवून पाहिला. पाठीमागे डिंकाचा वाळलेला गोल डाग होता. म्हणजे कागदाची एक बाजू हे निळूचं घर, दुसरी बाजू पिवळूचं. मधला कागद म्हणजे भिंत किंवा रस्ता. गोष्टीतला एक नेमका क्षण तिनं पकडला होता, मिठीच्या आधीचा. आई सांगून गेली आहे आणि पोरगा अजून दारातच आहे. गटात गोष्टीची मांडणी जागेतून करून दाखवणारं ते एकमेव चित्र होतं, आणि दुरुस्त झालेलंही तेवढंच.

मग मी सगळा प्रकार उलटा तपासायला घेतला. चूक गोल सोलण्याची होतीच, पण ती शेवटची चूक होती. तिच्या आधी बरंच काही चुकलं होतं, म्हणूनच गोल सोलणं मला इतकं साहजिक वाटलं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी पुस्तकातून वस्तू उचलली होती आणि रीत सोडून दिली होती. हे पुस्तक फाडण्यातून जन्माला आलंय. निळूची कड वेडीवाकडी आहे म्हणून तो निळू आहे. कंपासनं काढलेला गोल कोणीच नसतो. त्यातला जिवंतपणा मी आदल्या रात्रीच कात्रीनं कापून टाकला होता आणि मुलांच्या वाट्याला चिकटवणं तेवढं ठेवलं होतं. दुसरं, ही गोष्ट रंगमिश्रणाची नाहीच. मुलं गप्प होतात ती हिरव्या पानावर नाही, आईबाबा ओळखत नाहीत त्या पानावर. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं त्याहून मोठं संकट कुठलं? आणि मी त्यावर रंगाचा धडा घेऊन बसले होते. (शाळेत वाढलेल्या आपल्या सगळ्यांनाच ही खोड असते. गोष्टीतून काहीतरी 'शिकवून' झालं नाही, तर वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो.)

स्टिकरचं काय करायचं, तो निर्णय सोपा होता. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगून, चित्राच्या बदल्यात प्रशस्तिपत्र दिलं. काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच मार्कर पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून मिळालेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. हा प्रयोग मला माहीत होता. तरी चांदण्यांची पट्टी पर्समध्ये होतीच. ती मी फेकली नाही, पण पुन्हा बाहेरही काढली नाही.

तीच गोष्ट, पुन्हा

तिसऱ्या आठवड्यासाठी दुसरं पुस्तक ठरलं होतं. ते बाजूला ठेवलं आणि निळू-पिवळूच पुन्हा घेतलं. सहकारी म्हणाली, मुलं कंटाळतील. मुलं कंटाळली नाहीत. या वयात ऐकलेलीच गोष्ट पुन्हा मागण्यात मुलांना मजा असते. पुढचं पान माहीत असण्याचा एक रुबाब असतो.

बदल दोन केले. टेबल काढून टाकलं. आणि हातकाम गोष्टीच्या शेपटीला न बांधता गोष्टीच्या पोटात घातलं.

आई घरी थांबायला सांगते त्या पानावर मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. विचारलं, "आता इथे काय चाललंय?" हा प्रश्न साधा दिसतो, पण तो मी ठरवून घेतला होता. 'हा कुठला रंग?' असं विचारलं की उत्तर एकच असतं आणि ते आलं की मूल मोकळं होतं. संग्रहालयांमध्ये चित्रांवर बोलण्यासाठी अ‍ॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी जी पद्धत घडवली, तिच्यात विचारायचे प्रश्न जेमतेम तीन आहेत : या चित्रात काय चाललंय, असं तुला कशावरून वाटतं, आणि अजून काय दिसतंय. चार वर्षांच्या मुलाला 'कशावरून' हा प्रश्न विचारला की ते बोट ठेवून दाखवतं. शब्द अपुरे पडले तरी बोट चुकत नाही.

त्या दिवशीची उत्तरं : "तो दाराशी आहे." "नाही, तो विचार करतोय." "तो जाणार. मला माहितीये, तो जातो."

मग चटईच्या मधोमध रंगीत कागद टाकले आणि म्हटलं, "आपापले निळू-पिवळू फाडा. कात्री नाही." एवढीच सूचना. नमुना नाही.

फाडण्याचा आवाज खोलीभरातून एकदम आला आणि मग हळूहळू खोली शांत झाली. फाडणं हे मोठ्यांना वाटतं तेवढं सोपं नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढे, एक मागे न्यावा लागतो. लहान मुलं आधी दोन्ही हात बाहेरच्या बाजूला ताणतात. कागद ताणला जातो, फाटत नाही. त्यांना कडेला बोटभर चीर पाडून द्यावी, पुढचं ती करतात. आणखी एक गंमत एका मुलाला सापडली. त्याचा कागद एका दिशेनं सरळ पट्टीसारखा फाटत होता, दुसऱ्या दिशेनं मात्र भलतीकडे वळत होता. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. त्यांच्या बाजूनं फाडलं तर कागद ऐकतो, आडवं फाडलं तर ऐकत नाही. त्यानं ते असं सांगितलं, "इकडून शहाणा आहे, इकडून वेडा आहे." मग सगळ्यांनी आपापला कागद शहाणा की वेडा ते तपासलं. त्यात दहा मिनिटं गेली आणि ती त्या दिवसातली सर्वांत चांगली दहा मिनिटं होती.

तुकडे पडल्यावर नावं आली. आधी नाही, नंतर. एक लांबुळका तुकडा बघून, "हा बाबा आहे." एकाला कान आल्यासारखे दिसले म्हणून तो कुत्रा. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ मध्ये बालचित्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात या अवस्थेचं वर्णन आहे : मूल काहीतरी काढायला म्हणून रेघ काढत नाही, काढून झाल्यावर त्यात त्याला काहीतरी सापडतं. फाटलेला कागद या सापडण्याला फार सोयीचा पडतो, कारण त्याचा आकार अर्धा आपण ठरवतो आणि अर्धा कागद. कंपासच्या गोलात काही सापडायला जागाच नव्हती.

बारकी चटईवरच होती. टेबल नसल्यामुळे 'टेबलाकडे न जाण्याचा' प्रश्नही उरला नव्हता. मी तिच्याकडे मुद्दाम बघत नव्हते. सहकारीनं नंतर सांगितलं की तिनं बराच वेळ काहीच केलं नाही, मग शेजारच्या मुलाचे पडलेले कपटे गोळा केले आणि त्यातला एक मुठीत धरून बसली. गोष्ट पुढे सुरू झाली तेव्हाही मूठ मिटलेलीच होती.

मिठी

फाडलेल्या कागदांनी एक अडचण उभी केली, ती मी आधी पाहिली नव्हती. निळ्या कागदावर पिवळा कागद ठेवला तर हिरवा होत नाही. नुसता निळा झाकला जातो. मुलांनी ठेवून पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं, दाबून पाहिलं. "मिठी मारतच नाहीयेत," अशी तक्रार आली. रंगांच्या वाट्या परत काढाव्यात का, असा विचार मनात आला होता. पण वाटीत एकदा मिसळलेला रंग पुन्हा वेगळा होत नाही आणि या गोष्टीत तर दोघं परत वेगळे व्हायला हवेत. पहिल्या आठवड्यात एकीनं विचारलंही होतं, "आता यातून निळू परत कसा काढायचा?" तेव्हा मी "तो गोष्टीत येतो हं परत" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली होती. प्रश्न अगदी मर्मावरचा होता, माझ्याकडे त्याला उत्तर द्यायचं साहित्य नव्हतं.

चौथ्या आठवड्यात जिलेटीन पेपर आणला, निळा आणि पिवळा. मोठ्या काचेच्या खिडकीला तुकडे लावायचे. काच जरा ओली केली की तुकडा डिंकाशिवाय चिकटतो आणि सरकवताही येतो. निळ्यावर पिवळा सरकला की जिथे दोघं एकमेकांवर येतात, तेवढाच भाग हिरवा. पिवळा कागद निळा प्रकाश अडवतो, निळा कागद लाल अडवतो, दोघांतून सुटतो तो बहुतांशी हिरवा. मुलांना हे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. एक व्यवहारातली गोष्ट मात्र सांगते. निळा जिलेटीन फार गडद असेल तर पिवळ्याखाली तो काळपट दिसतो. फिका निळा शोधावा आणि वर्गात नेण्याआधी उजेडासमोर धरून बघावा. शेवाळाचा धडा एकदा पुरे.

मग जे सुरू झालं त्याला हातकाम म्हणावं की खेळ, ठरवता येत नाही. "मिठी... सोड. मिठी... सोड." प्रत्येक 'सोड'ला हिरवा नाहीसा व्हायचा आणि निळा-पिवळा जसेच्या तसे परत. अश्रूंच्या पानापर्यंत वाचत गेले, तेव्हा दोन मुलांनी आपण होऊन खिडकीवरचे हिरवे जोड सरकवून सुटे केले. आईबाबा ओळखत नाहीत त्या पानावर मात्र सगळे थांबले होते. तिथे जे बोलणं झालं ते जवळजवळ पंधरा मिनिटं चाललं. "आवाजावरून ओळखायला पाहिजे होतं." "वास येतो आईला." "त्याला आईचा फोन नंबर पाठ पाहिजे होता." शेवटचं वाक्य बोलणाऱ्यानं लगेच स्वतःच्या आईचा नंबर म्हणून दाखवला, दोन आकडे चुकवून.

हे बोलणं कागदावर आलं ते वेगळ्या वाटेनं. मूल जे म्हणेल ते मी त्याच्या शब्दांत पट्टीवर लिहून द्यायचे आणि पट्टी त्याच्या तुकड्यांशेजारी लागायची. व्याकरण सुधारायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला. "वास येतो आईला" हे "आईला वास येतो" असं सरळ करायचा मोह होतो. केलं की ते वाक्यही त्या पिवळ्या गोलासारखंच माझं होऊन जातं.

जे जमलं नाही

पाचव्या आठवड्यात मी अति केलं. प्रश्नांनी इतकं छान चाललंय म्हटल्यावर प्रत्येक पानावर थांबायला लागले. मोठ्यांनी वाचून दाखवण्याऐवजी मुलाला हळूहळू गोष्ट सांगणारा करायचं, ही पद्धत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तपासून मांडली होती आणि ती चांगलीच आहे. पण ती आई किंवा वडील आणि एक मूल यांच्यासाठी मांडलेली होती. चौदा मुलांत प्रत्येक पानाला प्रश्न विचारला की एक मूल बोलतं आणि तेरा मुलं वाट बघतात. सहाव्या पानाला कोणीतरी ओरडलं, "वाच ना पुढचं!" गोष्टीला तिची चाल असते, ती मी मोडली होती. त्यानंतर एका गोष्टीत एकदाच थांबायचं ठरवलं. कुठे थांबायचं, हे आदल्या दिवशी पुस्तक मोठ्यानं वाचून शोधायचं. जिथे माझाच आवाज आपोआप हळू होतो, ते पान.

याच सुमारास एका मुलाच्या वडिलांनी दाराशी थांबवून विचारलं, "तीन आठवडे झाले, घरी काहीच आलं नाही. नक्की काय करता तुम्ही?" बोलण्यात राग नव्हता, पण नाराजी होती, आणि ती रास्त होती. घरच्यांना दिसतं ते घरी आलेल्या कागदातूनच. फाडलेले तुकडे आणि ओल्या काचेवरचा जिलेटीन घरी नेता येत नाही. मी त्यांना लेकाची पट्टी दाखवली. तिच्यावर होतं : "हा निळू वेडा आहे कारण तो आडवा फाटला." त्यांना ते मुळीच कळलं नाही. मग लेकानं तिथेच खिशातला कागद काढून दोन्ही दिशांनी फाडून दाखवला. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही, पण त्यानंतर ते "आज काय बनवलं" ऐवजी "आज काय झालं" असं विचारायला लागले, एवढं मी ऐकलं.

सहाव्या आठवड्याला एरिक कार्ल यांचं १९६९ मधलं खादाड अळीचं पुस्तक घेतलं. या पुस्तकावर जगभर अळ्याच बनवल्या जातात, गोलाला गोल जोडून. आम्ही अळी केली नाही. कार्ल आधी पातळ टिश्यू पेपर रंगवायचे, त्यावर ब्रशचे फटकारे, ठिपके, ओरखडे उमटवायचे आणि मग त्या रंगवलेल्या कागदांतून आकार कापून चिकटवायचे. म्हणून आम्ही गोष्ट वाचण्याच्या आठवडाभर आधीच नुसते कागद रंगवून वाळवून ठेवले होते, कशासाठी ते न सांगता. पुस्तक उघडल्यावर चित्रांतले फटकारे बघून एक जण उठून उभाच राहिला, "हे आपल्यासारखं केलंय!" आपण चित्रकारासारखं नव्हे, चित्रकारानं आपल्यासारखं. मी तेवढं वाक्य अधोरेखित करून ठेवलं आहे.

एक मुलगा मात्र बहुतेक आठवडे हातकामात आला नाही. डिंक, ओला रंग, ओली काच, कशालाच त्याला हात लावायचा नव्हता. गोष्ट तो मन लावून ऐकायचा. त्याला हातात कोरडं काहीतरी द्यावं, हे मला सातव्या आठवड्यात सुचलं. तोवर उशीर झाला होता.

आठवा आठवडा

शेवटच्या सत्राला पुस्तक मुलांनी निवडलं. मतदान घ्यावं लागलं नाही, निळू-पिवळूच हवं होतं. साहित्य सगळं मांडून ठेवलं : कागद, जिलेटीन, डिंक, पेन्सिली, रंगवलेले टिश्यू. भिंतीवर लावायचं काही नव्हतं, कारण चौथ्या आठवड्यापासूनच मी भिंत सोडून खोलीत मुलांच्या उंचीवर दोरी बांधली होती. चिमट्यानं लटकवलेल्या कागदाला पुढची-मागची बाजू नसते. हा बदल कोणासाठी केला होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

बारकी आली, तिनं पांढरा कागद घेतला. फाडलेला निळा तुकडा एका बाजूला, पिवळा दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशीचंच चित्र. मी मुद्दाम खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं तिनं पेन्सिल उचलली आणि दोन्ही तुकड्यांच्या जरा बाजूला, कागदाच्या मधोमध टोचून आरपार भोक पाडलं. बोट घालून ते मोठं केलं. कागद डोळ्यांसमोर धरून त्यातून खोलीभर बघितलं. मग निळ्या जिलेटीनची एक बारीक पट्टी फाडली आणि भोकातून अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला अशी ओवली.

"यावर काही लिहायचं का?" मी विचारलं.

"लिही. तो जातोय, पण आईला दिसतोय अजून."

लिहून दिलं. तिनं कागद दोरीला स्वतः लावला, टाचा उंचावून. न्यायला आलेल्या आजीनं विचारलं, याची सुलट बाजू कुठली. बारकीनं कागद एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून दाखवला आणि चप्पल घालायला गेली.

फिरवताना भोक कडेपर्यंत फाटत आलं होतं. पुढच्या वेळी दोरीवर लावायच्या चित्रांना कार्डशीट घ्यायचा, अशी नोंद त्या दिवसाच्या पानावर आहे.